ईसी-पीएच पेन मीटर: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरून झाल्यावर

आमची चिकोडी भागातली काळी जमीन, बांधाला आंबा, लिंबू, चिकू. हा खिशातला मीटर उन्हाळ्यात घेतला, ईसी म्हणजे पाण्यात क्षार किती ते आणि पीएच म्हणजे आम्ल की अल्क ते दाखवतो, आता दिवाळी झाली म्हणून सविस्तर लिहितोय, कारण आमच्याकडं पान जरा करपलं की लगेच बुरशीनाशक आणायला पळतात आणि बऱ्याचदा तिथं बुरशीच नसते.

आंब्याच्या जुन्या पानांच्या कडा शेंड्याकडनं विटकरी होऊन वाळायला लागल्या होत्या, आतलं पान हिरवंच, ठिपका नाही, पावडर नाही, आणि शेजारच्या लिंबालाही तसंच. दोन वेगळ्या जातीच्या झाडांना एकच रोग एकदम सहसा लागत नाही म्हणून पाण्याचा ईसीच मोजला, बोअरचा 2.6 आला आणि विहिरीचा 0.6 (डेसिसिमेन्स प्रति मीटर, म्हणजे ईसी मोजायचं एकक). 0.7 च्या आत असलं की काळजी नाही, 3 च्या वर गेलं तर ते पाणी बागेला नकोच. चिकू मात्र टवटवीत होता, तो खारं पाणी बऱ्यापैकी सोसतो, त्यामुळं एक झाड बरं दिसतंय म्हणजे पाणी चांगलं असं धरू नका. बोअर बंद केला, विहिरीचं पाणी भरपूर सोडलं, चर मोकळा केला, उरलेला खार पावसानं धुतला आणि पुढची पालवी स्वच्छ आली. करपलेलं पान परत हिरवं होत नाही, बघायची ती नवी पालवीच.

परसातल्या मोसंबीची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. एक भाग माती अडीच भाग डिस्टिल्ड पाण्यात ढवळून पीएच बघितला तर 8.3. चुनखडीच्या मातीत लोह असतं पण मुळांना उचलता येत नाही, तिथं नुसतं हिराकस मातीत टाकून भागत नाही, ईडीडीएचए चिलेट, म्हणजे मुळांना उचलता येईल असं बांधलेलं लोह, द्यावं लागतं.

आता मीटर कुठं थांबतो ते पण सांगतो. खानापूरला आक्काच्या दारातला फणस वरनं वाळत चाललेला, तांबडी माती, ईसी अगदी कमी, पीएच 5.8, म्हणजे मीटरच्या हिशोबानं सगळं ठीक. पण बुंधा खाली रुंद व्हायच्या ऐवजी खांबासारखा सरळ जमिनीत गेलेला दिसला, दाजींनी घर बांधताना मुरुमाचा भराव टाकलेला, दीड फूट. मुळांना हवाच नाही. हातानं उकरून बुंधा मोकळा केलाय, फणस वाचेल का ते पुढच्या वर्षी कळेल. तसंच उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारल्यावर त्या बाजूचीच पानं पिळवटली तर मीटर काढूच नका, वारा कुठनं होता ते विचारा.

घेणाऱ्यांनी सुया खुपसायचा तीन-इन-वन मीटर घेऊ नये, ओल बदलली की त्याचा आकडा बदलतो. पेनमधला पीएचचा काचेचा गोळा सुकू द्यायचा नाही, केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराईडच्या) द्रावणात ठेवायचा, साध्या डिस्टिल्ड पाण्यात नाही, आणि मोजायच्या आधी 4 आणि 7 पीएचच्या बफरला (पीएच ठरलेल्या द्रावणाला) जुळवून घ्यायचं, ईसी जुळवायला 1413 मायक्रोसिमेन्सचं द्रावण मिळतं.