पिना कोलाडा की पंच? सोलापूरच्या गच्चीवर रम आणि फळांचा रस

आतेभावाचा परवा फोन आला. जुळे सोलापुरात नवीन घर घेतलंय, मे अखेरीस आठ-दहा जण गच्चीवर जमणार आहेत आणि त्याला नेहमीचा बिअरचा बेत नकोय. "दादा, रम आणि अननसाचं काहीतरी करायचंय. पिना कोलाडा करू की पंच?" मी दोन्ही गेली काही वर्षं घरी करतोय, म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. मध्ये डाइकिरीही (रम, लिंबू आणि साखरेचं पेय) येईल, कारण करायला ती सगळ्यात सोपी आणि नेमकी तिचीच आठवण कुणाला होत नाही.

उत्तर आधीच सांगून टाकतो. माणसं आठ-दहा आणि महिना मे असेल, तर पंच. दोघं-तिघंच असाल आणि नारळ खवायचा कंटाळा नसेल, तर पिना कोलाडा. आता का, ते बघू.

पिना कोलाडा म्हणजे व्हाइट रम, अननसाचा रस आणि नारळाचं घट्ट दूध. पोर्तो रिकोमधल्या सान हुआनच्या एका हॉटेलात १९५४ साली ते पहिल्यांदा बनलं असं सांगतात आणि १९७८ साली त्या बेटाने ते आपलं राष्ट्रीय पेय म्हणून जाहीर केलं. नावाचा अर्थ साधा आहे, गाळलेला अननस. पंचाचं नातं मात्र थेट आपल्याशी. हा शब्द आपल्या 'पाच'वरून इंग्रजीत गेला असं मानलं जातं: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला असे पाच जिन्नस. पुढे जमैकात उसाच्या मळेवाल्यांच्या घरी तो रम घालून होऊ लागला, म्हणून त्याला प्लँटर्स पंच म्हणतात. गुलामांच्या घामावर उभे राहिलेले मळे होते ते, हे विसरता येत नाही. पण रम, लिंबू आणि उसाची गोडी ही जोडणी तिथूनच आली, आणि उसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला ती लगेच पटते.

रम होते मळीपासून. साखर काढून झाल्यावर उरणारा तो काळा चिकट पाक. आपल्याकडे गाळप चालू असताना कारखान्यावरून गेलेल्या कुणालाही तो वास वेगळा सांगायला नको. ओल्ड मंकसारख्या डार्क रममध्ये त्या मळीची, जळक्या साखरेची आणि लाकडी पिंपाची चव टिकून असते. पंचाला हेच हवं असतं, कारण रस, लिंबू, जायफळ एवढं सगळं घालूनही रम आतून बोलते. हीच डार्क रम पिना कोलाडात घातली तर रंग दुधाच्या चहासारखा होतो आणि नारळाची नाजूक चव दबून जाते. तिथे व्हाइट रमच हवी. ती सहसा महाग पडते, शिवाय आपल्याकडे घरात एरवी कुणी पीत नाही, म्हणजे उरलेली बाटली कपाटात पडून राहते. घरात डार्क रम आधीच असेल तर पहिल्याच पायरीवर पंच पुढे जातो.

आता नारळ. पिना कोलाडाचं सगळं यश त्यावर आहे आणि सोलापुरात खरी अडचणही तीच. एका मध्यम नारळातून पहिलं घट्ट दूध जेमतेम एक वाटी निघतं, म्हणजे फार तर तीन ग्लास. दहा जणांसाठी चार नारळ फोडायचे, खवायचे, कोमट पाण्यात भिजवून मिक्सरमधून काढायचे, पिळायचे आणि वर त्यात साखर विरघळवायची. डब्यातलं तयार नारळाचं दूध चालतं, मी वापरतो. पण डबा फ्रीजमध्ये ठेवला की वरची साय घट्ट बसते, तेव्हा आधी बाहेर काढून चांगला ढवळून घ्या, नाहीतर पहिल्या ग्लासात लोण्यासारखे गोळे येतात आणि शेवटच्यात नुसतं पाणी.

एकदा ऐनवेळी नारळ मिळाला नाही म्हणून मी फ्रीजमधली ताजी साय घातली. पहिला घोट छान लागला. दहाएक मिनिटांनी ग्लास पुन्हा तोंडाला लावला तर कडू, अगदी कारल्यासारखं. दोष सायीचा नव्हता. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचा एंझाइम असतो, तो दुधातली प्रथिनं तोडतो आणि त्या तुकड्यांची चव कडू लागते. खोक्यातला रस तापवलेला असतो, त्यामुळे त्याने असं होत नाही, पण त्याला ताज्या अननसाचा वासही नसतो. तेव्हा साय, दूध, आइस्क्रीम यातलं काहीही ताज्या अननसासोबत घालू नका. नारळाला नारळच पर्याय.

अननस दोन्हीकडे लागतो. निवडताना बुडाशी नाक लावा. गोड वास आला तर घ्या, आंबूस आला तर ठेवून द्या. मधला कडक दांडा काढा, पाणी न घालता मिक्सरमधून फिरवा आणि पातळ सुती कापडातून पिळून घ्या. हाताला चुरचुरतं, तेही काही अंशी त्या ब्रोमेलेनमुळे. माझ्याकडे एका मध्यम अननसातून साधारण अर्धा लिटर रस निघतो. पिना कोलाडाला माणशी ९० मिली लागतो, पंचाला ६० मिली.

डाइकिरीला यातलं काहीच नको. ६० मिली व्हाइट रम, २० मिली लिंबाचा रस, दोन चहाचे चमचे पिठीसाखर, भरपूर बर्फ घालून हलवायचं आणि गाळून लहान ग्लासात ओतायचं. मला स्वतःला ती फार आवडते. पण ग्लासात पाणी आणि रस कमी असल्याने ती तेज असते, अल्कोहोल वीस टक्क्यांच्या वर जातं. उकाड्यात घसा कोरडा झालेल्या माणसाच्या हातात ती दिली तर तो सरबतासारखी घटाघटा पिणार. म्हणून गच्चीवरच्या गर्दीसाठी ती मी बाद करतो. रात्री उशिरा दोघंच बसलात तर जरूर करा.

लिंबाबद्दल एक गोष्ट कळल्यापासून माझं पेय सुधारलं. परदेशी कृतींमध्ये 'लाइम' लिहिलेलं असतं आणि आपण समजतो की ते काहीतरी वेगळं फळ असणार. त्या बेटांवरचं लहान, पातळ सालीचं लाइम म्हणजे आपलं कागदी लिंबूच. उन्हाळ्यात ते महाग होतं आणि रसही कमी देतं. कापायच्या आधी ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवलं की बरा रस सुटतो. बाटलीतला लिंबाचा रस मात्र दोन्हींपैकी कशालाही नको. पिना कोलाडाच्या मूळ कृतीत लिंबू नसतं, पण आपल्याकडे अननस खूप गोड लागला तर अर्ध्या लिंबाने ते सावरतं.

आणि आता डाळिंब, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. पंचात लाल रंगाला आणि गोडीला ग्रेनाडीन नावाचं सिरप घालतात. फ्रेंचमध्ये डाळिंबाला ग्रेनाड म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. मुळात ते डाळिंबाचंच सिरप. आता बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांमध्ये साखर, आंबटपणासाठी आम्ल आणि लाल रंग एवढंच असतं, डाळिंब नावालाही नसतं. आणि आपण राहतो कुठे? डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालेल्या जिल्ह्यात. देशाचं डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आपल्या केगावात आहे. सांगोल्या-पंढरपूरकडून भगव्या जातीच्या डाळिंबांचे क्रेट येतात. अशा गावात ग्रेनाडीनची रंगीत बाटली विकत आणायला माझा हात खरंच धजत नाही.

करायला अवघड नाही. भगव्या जातीची तीन मोठी डाळिंबं सोला. दाणे मिक्सरच्या भांड्यात घाला आणि बटण फक्त दोन-तीनदा टक-टक करून सोडा. सलग फिरवलं तर आतल्या बिया फुटतात आणि रस तुरट होतो. गाळताना कापड जोरात पिळू नका, टांगून ठेवा, थेंब थेंब उतरू दे. जितक्या वाट्या रस तितक्याच वाट्या साखर. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं, उकळी येऊ द्यायची नाही. उकळलं की रंग तपकिरी होतो आणि चव मुरंब्याकडे जाते. उतरवल्यावर अर्धं लिंबू पिळा, रंग डोळ्यांसमोर उजळतो. दर वेळी तो क्षण बघायला मी घरातल्या सगळ्यांना ओट्यापाशी बोलावतो. मे महिन्यात डाळिंब महाग असतं, म्हणून हंगामात स्वस्त मिळेल तेव्हा सिरप करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायचं.

दहा जणांना एकेक ग्लास पंचाचं माप असं: अननसाचा रस ६०० मिली, मोसंबीचा ३००, लिंबाचा १५०, डाळिंबाचं सिरप १५०, चिमूटभर मीठ. मोसंबी सगळ्यात शेवटी काढा, तिचा रस ठेवला की कडवट होतो. सगळं मोठ्या स्टीलच्या पातेल्यात एकत्र करून दोन तास फ्रीजमध्ये. रम पातेल्यात ओतू नका. ग्लासात माणशी ४५ मिली मोजून घाला, वर पंच, वर ताजं किसलेलं जायफळ. श्रीखंडाला किसतो तेवढंच, जास्त नाही. न पिणाऱ्यांना त्याच पातेल्यातला, त्याच चवीचा रस त्याच ग्लासात मिळतो, कुणाला वेगळं बसावं लागत नाही. पिना कोलाडात हे जमतं, पण प्रत्येक वेळी मिक्सर लावावा लागतो आणि यजमान अर्धा वेळ स्वयंपाकघरातच.

मोसंबीऐवजी रसवंतीतला उसाचा रस वापरायचा असेल तर आलं आणि बर्फ न घालता आणा आणि लगेच लिंबू पिळा, म्हणजे काळा पडत नाही. सिरप मग निम्मंच. हा रस पातेल्यात आयत्या वेळी घालायचा आणि तासाभरात संपवायचं.

बर्फाचा हिशोब आतेभावाने केलाच नव्हता. मिक्सरमधल्या पिना कोलाडाला ग्लासभर बर्फ लागतो. दहा जणांना दोनदा द्यायचा म्हटलं तर घरचा फ्रीजर पुरत नाही आणि मे महिन्यात तो तसाही धापा टाकत असतो. पंचासाठी आदल्या रात्री दोन स्टीलच्या डब्यांत जारचं पाणी गोठवा. मोठा गोळा सावकाश वितळतो. लादीचा बर्फ आणलात तर तो पातेल्याच्या बाहेर, परातीत. ग्लासात नको.

चखण्याला शेंगा चटणी आणि कडक भाकरीचे तुकडे ठेवणार असाल तर तिथेही पंचच. लसणीच्या तिखटाला लिंबू आणि डाळिंब छान पेलतात. नारळाच्या गोडीशी ते तिखट भांडतं. पिना कोलाडासोबत नुसते खारे काजू बरे.

पंचाच्या एका ग्लासातल्या ४५ मिली रममध्ये साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल जातं, साध्या बिअरच्या छोट्या बाटलीपेक्षा थोडं जास्तच. गोडाआड ते कळत नाही, म्हणून माणशी दोन ग्लास धरून चला आणि गाडी चालवणाऱ्याला बिनरमचा. महाराष्ट्रात रमसाठी वयाची अट २५ वर्षं आहे आणि परवानाही लागतो, तो आधीच काढून ठेवा.

आतेभावाने शेवटी पंच ठरवला, पण बायकोला नारळाचं आवडतं म्हणून एक डबा नारळाचं दूधही आणून ठेवतोय. सगळे गेल्यावर दोघांपुरता पिना कोलाडा. डाळिंबाच्या सिरपची एक बाटली मी त्याला देणार आहे. फ्रीजमध्ये ती दोन आठवडे राहते, तारीख झाकणावर लिहून ठेवलीय.