सुरुवात इतकी भारी, आणि शेवट असा?

कादंबरीचं नाव नाही लिहीत, पण मी ती मागवली फक्त मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचून. सावंतवाडी, भर पावसाळा, मोती तलावाजवळचं जुनं घर आणि आजीच्या दशावतारी गंजिफातलं, म्हणजे खेळायच्या जुन्या पत्त्यांतलं, एकच पान गायब. दशावतारी सेट म्हणजे १० अवतार, प्रत्येकाची १२ पानं, अशी हाताने रंगवलेली १२० गोल पानं, त्यातलं नेमकं कल्कीच्या राजाचं पान नाही म्हटल्यावर राहवलंच नाही.

पहिली साठ-सत्तर पानं खरंच मस्त आहेत हो. नायिका गंजिफा मोजते, ११९ भरतात, परत मोजते, परत ११९, आणि तेवढ्यात दारात तो चित्रकार उभा, बोटाला ओला लाल रंग लागलेला. अंगावर काटा आला माझ्या.

आणि तो लाल रंग पुढे कुठेच येत नाही! मधली दीडशे पानं नुसतं भांडण, पाऊस, चहा, परत भांडण. अहो, तिला त्याच्यावर संशय आहे म्हणून प्रेमात पडायची भीती वाटतेय, हीच तर खरी गंमत होती ना, पण प्रेम सुरू झालं की लेखक चोरी विसरूनच जातो. चोर कोण, तर शेवटच्या चॅप्टरमध्ये अचानक उगवलेला मुंबईचा काका, ज्याचा आधी उल्लेखसुद्धा नाही. वाचकाला अंदाज बांधायला एक तरी धागा द्यायचा! खूप वाईट वाटलं, कारण मालवणी संवाद अगदी घरातले वाटतात.

२ स्टार, तेही त्या सुरुवातीसाठी. लायब्ररीत मिळाली तर वाचा, विकत नका घेऊ.