बोंडअळीचं संशोधन मराठीत करून घेतलं, त्या भाषांतर सर्व्हिसचा अनुभव

माझा पीएचडीचा विषय कापसावरची गुलाबी बोंडअळी, सगळं लिखाण इंग्रजीत, आणि यवतमाळकडच्या ज्या शेतकऱ्यांच्या शेतात सर्व्हे केला त्यांनाच ते वाचता येईना, हे मनाला फार लागलं म्हणून 12 पानांचा सारांश मराठीत करून घेतला. आधी एका ॲपवर टाकलं तर 'स्क्वेअर'चं चक्क 'चौकोन' झालं, अहो ते कपाशीचं पातं, म्हणजे फूल उमलायच्या आधीची कळी! मग मैत्रिणीने ही सर्व्हिस सुचवली. तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी फोन करून विचारलं, अळी लागून पाकळ्या मिटलेल्याच राहतात त्या फुलाला तुमच्याकडे काय म्हणतात? डोमकळी म्हटलं, तोच शब्द शेवटपर्यंत ठेवला. फेरोमोन ट्रॅपचा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्याचा, कामगंध सापळा झाला, आणि सलग 3 रात्री सापळ्यात बोंडअळीचे रोज 8 पतंग आले की फवारणीचं बघायचं, हे एकदम सरळ लिहिलंय.

तक्रार एकच, 10 दिवस सांगून 17 लावले आणि आलेखांवरची नावं इंग्रजीतच राहिली होती, मागे लागून बदलून घेतली. तरी पुढचा पेपर त्यांनाच देणार. एका काकांनी प्रिंटची घडी करून खिशात घातली, म्हणाले घरी पोराला पण वाचायला देतो.