जळगावची एटीआर सेवा: मार्क फक्त चाकांना

जळगावहून उडणाऱ्या विमानसेवेबद्दल लोक लिहितात ते किती उशीर झाला आणि सीट किती अरुंद होती एवढंच. उशीर होतो. सीट अरुंदच आहे. चेक-इन बॅग साधारण 15 किलोपर्यंत, म्हणून हिवाळ्यात भरताची वांगी नेणाऱ्यांनी घरीच वजन करून निघावं. बाकी इथे परीक्षण फक्त चाकांचं.

विमान एटीआर 72-600. दोन टर्बोप्रॉप, म्हणजे प्रोपेलर फिरवणारी इंजिनं, सत्तरच्या आसपास सीट, पंख छताच्या पातळीवर. चाकं एकूण सहा: नाकाखाली दोन आणि पोटाच्या दोन्ही बाजूंच्या फुगवट्यांत दोन-दोन. उड्डाणानंतर काही सेकंदांत पायांखाली घरघर आणि मग ‘धप्प’ ऐकू येतं, ते चाकं आत जाऊन हुकात अडकल्याचं. उतरताना धावपट्टी पाच-सहा मैलांवर असताना पुन्हा घरघर होते, वाऱ्याचा घोंघाट वाढतो आणि विमानाला कुणीतरी मागून धरल्यासारखं वाटतं. त्यात बिघाड काही नाही. चाकं धरणारे तीन दांडे म्हणजे विमानाचे पाय, आणि एकेक पाय खाली येऊन लॉक झाला की कॉकपिटमध्ये एकेक हिरवा दिवा लागतो. काळजी करायची ती तीनऐवजी दोनच लागले तर.

तिसरा दिवा लागला नाही तर पायलट उतरत नाहीत. इंजिनांना पॉवर देऊन वर जातात, ठरलेल्या उंचीवर घिरट्या घालतात आणि कामं वाटून घेतात. एक जण फक्त विमान उडवतो, दुसरा चेकलिस्ट काढतो. पहिला प्रश्न साधा असतो: चाक अडलंय की नुसता दिवा? एटीआरमध्ये डोक्यावरच्या पॅनेलवर दिव्यांचा दुसरा संच आहे आणि त्याची वायरिंग वेगळी आहे. तिथे तिन्ही हिरवे दिसले तर निम्मं ओझं उतरतं. तिथेही दोनच दिसले तर वेग कमी करून इमर्जन्सी एक्स्टेन्शनचं हँडल ओढायचं. त्याने चाकं धरून ठेवणारे हुक यांत्रिक पद्धतीने सुटतात आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली पडतात. एरवी चाकं हलवणाऱ्या हायड्रॉलिक तेलाचा थेंब शिल्लक नसला तरी चालतं. नाकाचं चाक पुढच्या बाजूला मिटतं, म्हणून उघडताना वाराच त्याला मागे ढकलून मदत करतो. या साधेपणाला पूर्ण मार्क.

टॉवरजवळून खाली उडून ‘चाक दिसतंय का’ विचारायची पद्धत आहे, पण तिचा फार भरवसा धरू नये. खालचा माणूस चाक बाहेर आहे एवढंच सांगू शकतो. लॉक झालंय की नाही, हे दुर्बिणीतूनही कळत नाही.

पायलट मंडळी चाक न उघडल्याच्या बातम्यांवर बोलतात तेव्हा चाकापेक्षा घड्याळ आणि इंधनाबद्दल जास्त बोलतात. त्याला कारण आहे. 1972 मध्ये अमेरिकेत ईस्टर्न 401 या विमानाचे वैमानिक नाकाच्या चाकाच्या जळालेल्या बल्बात इतके गुंतले की ऑटोपायलट सुटून विमान खाली चाललंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि ते कोसळलं. 1978 मध्ये पोर्टलंडजवळ युनायटेड 173 चाकांचा विचार करत फिरत राहिलं आणि इंधन संपून पडलं. कॉकपिटमधल्या समन्वयाचं आजचं प्रशिक्षण त्या अपघातातूनच आलं. उतरण्याआधी वजन कमी करायचं तर एटीआरला हवेत इंधन टाकता येत नाही, जाळावंच लागतं. पण किती जाळायचं याची रेषा आधी ठरवून ठेवायची, हा त्यातला धडा.

टर्बोप्रॉपमध्ये आणखी एक गोष्ट बघतात, ती म्हणजे प्रोपेलर. सप्टेंबर 2007 मध्ये डेन्मार्कमधल्या ऑलबोर्गला एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीच्या क्यू-400 चा (हेही टर्बोप्रॉपच) उजवा पाय उतरताना मोडला, प्रोपेलर जमिनीला लागला आणि त्याचे तुकडे केबिनवर आदळले. तीनच दिवसांनी लिथुआनियातल्या विल्निअसला तशाच विमानाचा उजवा पाय मोडला. मूळ सापडलं पाय ओढणाऱ्या हायड्रॉलिक दांड्याच्या, म्हणजे ॲक्च्युएटरच्या, आट्यांमधल्या गंजात. ऑक्टोबरमध्ये कोपनहेगनला तिसऱ्या विमानाचा उजवा पाय नीट उघडलाच नाही, तेव्हा कारण निघालं भलत्या जागी अडकलेली एक ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारं रबरी कडं. म्हणून एक पाय संशयित असेल तर त्या बाजूच्या प्रोपेलरच्या रेषेतल्या ओळी रिकाम्या करतात. अशा वेळी एअर होस्टेसने जागा बदलायला सांगितली तर वाद घालू नये, पर्स-पिशवी सोडून उठावं.

एका पायाला दोन चाकं असण्याचा फायदा सप्टेंबर 2025 मध्ये दिसला. कांडल्याहून निघालेल्या क्यू-400 चं बाहेरचं चाक उड्डाणाच्या वेळीच निखळलं, तरी विमान मुंबईला नीट उतरलं आणि स्वतःच्या बळावर टर्मिनलपर्यंत गेलं.

असा प्रकार जळगावला उतरताना झाला तर? विमान बहुधा इथे उतरणारच नाही, मुंबईकडे वळेल. आपली धावपट्टी सुमारे 1,700 मीटर, मुंबईची मोठी जवळपास साडेतीन किलोमीटर, आणि अग्निशमनाची ताकदही तिथे कितीतरी जास्त. मे 2021 मध्ये नागपूरहून निघताना चाक गमावलेली एअर ॲम्ब्युलन्सही मुंबईलाच फोमवर पोटावर उतरवली होती. तेव्हा नशिराबादचा पूल खिडकीतून दिसत असताना विमान परत वर गेलं तर पायलटला नावं ठेवू नयेत.

तिकीट काढताना प्रोपेलरच्या मागची, पंखाखालची खिडकी घ्या, चाक बाहेर येताना तिथूनच दिसतं. प्रोपेलरच्या रेषेत आवाज सर्वांत जास्त असतो. शेवटच्या ओळी शांत, शिवाय दरवाजा मागेच असल्यामुळे उतरायलाही पहिला नंबर. चाकांच्या रचनेला 5 पैकी साडेचार. अर्धा कापला तो पायांखालच्या त्या ‘धप्प’बद्दल केबिनमध्ये कुणी आधी दोन शब्द सांगत नाही म्हणून.