व्हायलचा कागद मागितल्याशिवाय डोनरचा उपचार घेऊ नका

मूल होत नाही म्हणून उपचाराला निघालेली सीमाभागातली जोडपी आधी लांबचा दवाखाना शोधतात. निपाणीकडचे कोल्हापूरला जातात, अथणीकडचे मिरजेला, खानापूरकडचे बेळगावला नाहीतर हुबळीला. ओळखीचं कुणी भेटू नये, एवढीच इच्छा असते. डोनरचा, म्हणजे दुसऱ्या पुरुषाचं वीर्य वापरायचा, विषय निघाला की ही भीती दुप्पट होते आणि फसवणारा तिच्यावरच पोट भरतो. "कुणाला कळणार नाही, कागद करायचे नाहीत, पैसे रोख द्या," असं एजंट सांगतो आणि लोकांना हायसं वाटतं. पुढे तक्रार करायची वेळ आली की हातात पावतीसुद्धा नसते, आणि घरचं गुपित मात्र त्या माणसाकडे असतं.

पहिली फसवणूक डोनरच्या आधीच होते. एका तपासणीत शुक्राणू शून्य आले की लगेच "डोनरशिवाय इलाज नाही" असं सांगून टाकतात. एका रिपोर्टवर हा निर्णय होत नाही. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून दिलेल्या किमान दोन नमुन्यांची तपासणी हवी, तीही नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसलेला गाळ पाहून. पुढे एफएसएच, टेस्टोस्टेरॉन या हार्मोन्सची आणि गरजेप्रमाणे गुणसूत्रांची तपासणी होते. वृषणात शुक्राणू तयार होतात पण वाटेत नळी बंद आहे, असंही असतं. तिथे सुईने शुक्राणू काढून इक्सी (लॅबमध्ये एकेक शुक्राणू बीजात टोचणं) करता येते, म्हणजे मूल नवऱ्याचंच होऊ शकतं. हे न सांगता डोनर गळ्यात मारणं हीसुद्धा फसवणूकच आहे.

डोनर खरोखरच लागणार असेल तर 2021 चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा माहीत हवा. तो 25 जानेवारी 2022 पासून लागू आहे. दात्याचं (डोनरचं) वीर्य नोंदणीकृत वीर्यबँकेतूनच यायला हवं. दात्याचं वय 21 ते 55 असावं लागतं आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी व सिफिलिसच्या तपासण्या व्हाव्या लागतात. एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला देता येतं. म्हणून "या डोनरने वीस बायकांना गुण आलाय" असं कुणी अभिमानाने सांगत असेल तर तो कायदा मोडल्याची कबुलीच देतोय. "ताजं सॅम्पल आहे, जास्त चालतं" हे तर सर्वांत घातक. संसर्ग नुकताच झाला असेल तर एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणूनच नमुना गोठवून सहा महिने बाजूला ठेवायचा, दात्याची पुन्हा तपासणी करायची आणि मगच तो वापरायचा, ही आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांतली पद्धत आहे. ताजा नमुना या चाळणीतून जातच नाही.

व्हायलबरोबर, म्हणजे वीर्याच्या छोट्या बाटलीबरोबर, बँकेचा कागद येतो. त्यावर दात्याचा कोड, रक्तगट, तपासण्यांच्या तारखा आणि निकाल हवेत. उंची, वर्ण, शिक्षण कळू शकतं; नाव किंवा फोटो नाही. फोटो दाखवून "आपल्याच जातीचा डोनर" म्हणून जादा पैसे मागणाऱ्याकडे दाखवायला बँकेचा कागद बहुधा नसतोच. कोडचा आकडा व्हायलवर, कागदावर आणि तुमच्या फाइलीत एकच आहे का, हे प्रक्रियेआधी स्वतः वाचा.

व्हायल कशातून आली, तेही पाहा. गोठवलेले शुक्राणू उणे 196 अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. घरी गाई-म्हशी असणाऱ्यांना रेतनाच्या डॉक्टरांचं नायट्रोजनचं कॅन चांगलं माहीत आहे. इथेही तसंच भांडं लागतं. कोल्हापूरहून बेळगावपर्यंत थर्मासात बर्फ घालून आणलेल्या व्हायलमध्ये उपयोगाचं काही उरत नाही. एकदा वितळलेला नमुना पुन्हा गोठवून चालत नाही. वितळवून, धुऊन झाल्यावर हलते शुक्राणू किती, हे लॅब मोजते. साधारण 50 लाखांच्या वर असावेत अशी अपेक्षा असते. तो आकडा लिहून मागा, जमल्यास सूक्ष्मदर्शकातून बघायला मागा.

"येत्या रविवारी कॅम्प आहे, सगळ्यांनी या" असा निरोप आला तर जाऊ नका. प्रत्येक बाईची पाळी वेगळी, बीज फुटायची वेळही वेगळी. सोनोग्राफीत बीजाची वाढ बघून बीज फुटण्यासाठी ट्रिगरचं इंजेक्शन देतात आणि साधारण 36 तासांनी आययूआय करतात, म्हणजे धुतलेलं वीर्य बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. गोठवलेले शुक्राणू ताज्यांपेक्षा लवकर मरतात, त्यामुळे वेळ चुकली की पैसेही गेले आणि महिनाही गेला. गर्भनलिका उघड्या आहेत का, हे एचएसजी या एक्स-रे तपासणीने आधी पाहायला हवं; त्या बंद असतील तर कितीही वेळा आययूआय करून उपयोग नाही. तीन-चार वेळा अपयश आल्यावर थांबून फेरविचार व्हायला हवा. आठव्या वेळेचे पैसे मागणारा तुमची आशा विकतोय.

संमतीपत्र बहुतेक वेळा इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये असतं, आणि आपली माणसं "सही इथे" म्हटलं की सही करतात. त्यात 'आययूआय-एच' म्हणजे नवऱ्याचं वीर्य आणि 'आययूआय-डी' म्हणजे डोनरचं. एका अक्षरावर सगळं अवलंबून आहे. मराठीत समजावून घेतल्याशिवाय दोघांपैकी कुणीही सही करू नका, आणि सहीची प्रत त्याच दिवशी घ्या. कायद्याप्रमाणे झालेल्या उपचारातून जन्मलेलं मूल त्या जोडप्याचंच मानलं जातं आणि दात्याला कोणताही पालकहक्क राहत नाही. हे संरक्षण त्या फाइलीमुळेच सिद्ध होतं. दिराचं वीर्य घेऊन, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करार करून घरीच काम उरकायचा सल्ला नातेवाईकच देतात. नातेवाईक किंवा ओळखीचा दाता आयसीएमआरच्या तत्त्वांत बसत नाही, आणि पुढे मालमत्तेचा वाद उठला तर तो स्टॅम्पपेपर कामाला येत नाही. मुलगाच होईल अशी हमी देणारा तर गुन्हाच करतोय.

कॉलेजच्या मुलांसाठीही एक सापळा आहे: "डोनर व्हा, पैसे कमवा, आधी नोंदणी फी भरा." खरी बँक दात्याकडून फी घेत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

फसवणूक झालीच, तर आधी दवाखान्याकडे लेखी अर्ज करून सगळी कागदपत्रं मागा. डॉक्टरांनी ती 72 तासांत देणं अपेक्षित आहे. दवाखान्याच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दवाखाना महाराष्ट्रात असला तरी 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावातच, तक्रार करता येते. कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. एजंट "घरी सांगतो" म्हणून पैसे मागू लागला तर ती खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली गुन्हा. फोनचं रेकॉर्डिंग आणि मेसेज जपून ठेवा, पहिला हप्ताही देऊ नका आणि थेट पोलीस ठाण्यात जा.