एम-पेसा : जबाबदारी वापरणाऱ्याची आणि सेवेचीही

केनिया मागे का राहिला, असा विषय निघाला की लोकांची मानसिकता बदलली पाहिजे, प्रत्येकाने स्वतःची जबाबदारी ओळखली पाहिजे, हे उत्तर ठरलेले असते. राजकीय सभांत ते ऐकू येते, प्रवचनांत ऐकू येते आणि नैरोबीत व्यवसाय करणाऱ्या आपल्या भारतीय मंडळींच्या गप्पांतही येते. या उत्तरात तथ्य किती, हे पाहायला एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सेवा फार उपयोगी पडते, कारण देशातील बहुतेक प्रौढ माणसे आपला रोजचा व्यवहार तिच्यावरच करतात. म्हणून हे परीक्षण सोयी-गैरसोयींबरोबर या प्रश्नाच्या अंगानेही लिहिले आहे.

आधी सेवेविषयी. साधा बटणांचा फोन आणि ही सेवा चालविणाऱ्या सफारीकॉम या मोबाइल कंपनीचे सिमकार्ड एवढ्यावर ती चालते. इंटरनेट लागत नाही. गल्लीतल्या एजंटाकडे ओळखपत्र दाखवून रोख रक्कम दिली की ती खात्यात जमा होते, गुप्त क्रमांक टाकून ती कोणालाही पाठविता येते, आणि ज्याला मिळाली तो आपल्या गावातल्या एजंटाकडून नोटा घेतो. रक्कम जाण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव पडद्यावर दिसते. 'हाकिकिशा' नावाची ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण चुकीच्या क्रमांकावर पैसे जाण्याचा धोका तिने पुष्कळ कमी होतो. ग्राहकांची शिल्लक कंपनीच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळी, विश्वस्त खात्यांत बँकांकडे ठेवली जाते. भाजीवाल्या बाईपासून बोडा-बोडा, म्हणजे दुचाकी टॅक्सी, चालविणाऱ्यापर्यंत सगळे हे पैसे स्वीकारतात. परदेशी पाहुण्यालाही पासपोर्टवर सिमकार्ड घेऊन नोंदणी करता येते, आणि थोडे दिवस राहायचे असले तरी ती करावी.

सेवेचा उगम मात्र मानसिकतेच्या चर्चेला वेगळे वळण देणारा आहे. ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याच्या अर्थसाहाय्याने 2005 मध्ये चाचणी सुरू झाली, तेव्हा लहान कर्जदारांनी हप्ते फोनवरून फेडावेत एवढाच हेतू होता. चाचणीतल्या लोकांनी ती सेवा एकमेकांना आणि घरच्यांना पैसे पाठविण्यासाठी वापरायला सुरुवात केली. ते पाहूनच मार्च 2007 मध्ये 'घरी पैसे पाठवा' या आवाहनासह ती सर्वांसाठी खुली झाली. म्हणजे शहरात राबणारा माणूस पश्चिमेकडच्या गावातल्या आईवडिलांची, धाकट्या भावंडांच्या शाळेच्या शुल्काची जबाबदारी आधीपासून उचलतच होता. बसचालकाच्या किंवा ओळखीच्या प्रवाशाच्या हाती पाकीट देण्यावाचून त्याला स्वस्त आणि सुरक्षित मार्ग नव्हता. स्वातंत्र्यकाळापासून राष्ट्राचे ब्रीद बनलेली 'हरांबे' म्हणजे सर्वांनी मिळून भार उचलण्याची परंपरा, आणि आपल्याकडच्या भिशीसारखे 'चामा' नावाचे बचतगट, ही त्याच वृत्तीची रूपे आहेत. अशा समाजाला जबाबदारीचे धडे द्यावेत, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते.

पुरावाही आहे. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी केनियातील कुटुंबांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. आजारपण, पीक बुडणे किंवा नोकरी जाणे असे संकट आले, तेव्हा एम-पेसा न वापरणाऱ्या कुटुंबांचा उपभोग सुमारे 7 टक्क्यांनी घटला. वापरणाऱ्यांचा घटला नाही, कारण दूरच्या नातलगांची मदत वेळेत पोहोचली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार या सेवेमुळे सुमारे 1,94,000 कुटुंबे, म्हणजे देशातील 2 टक्के, दारिद्र्यातून वर आली आणि सुमारे 1,85,000 स्त्रिया शेतीकडून लहानमोठ्या व्यवसायाकडे वळल्या. मदत करण्याची इच्छा तीच होती. ती पोहोचविणारा रस्ता नवा होता.

आता दर. यूपीआयची सवय असलेल्या मराठी ग्राहकाला ते खटकतील. 100 शिलिंगांपर्यंत पाठवणे विनामूल्य आहे, पण 1,000 शिलिंग पाठविण्यास 13 आणि ते रोखीत काढण्यास 29 शिलिंग पडतात; म्हणजे हजारामागे 42 शिलिंग वाटेतच संपतात, आणि थोडे-थोडे पाठविणाऱ्या गरिबाला हा भार अधिक जाणवतो. शिवाय सरकारने या शुल्कावरचे उत्पादन शुल्क 2013 मधील 10 टक्क्यांवरून 2023 मध्ये 15 टक्क्यांवर नेले आहे. नागरिकांना स्वावलंबनाचा उपदेश करणाऱ्या राज्याने त्यांच्या परस्पर मदतीवरच कर वाढवत न्यावा, ही विसंगती मला गंभीर वाटते.

खरी तक्रार कर्जाच्या सोयींविषयी आहे. 2012 मध्ये आलेल्या एम-श्वारी या एम-पेसावरच्या बचत-कर्ज सेवेत 30 दिवसांच्या कर्जावर 7.5 टक्के शुल्क आकारले जाते. वर्षाच्या हिशेबाने ते 90 टक्क्यांच्या घरात जाते. 2019 मध्ये आलेली फुलिझा ही खात्यात पैसे कमी पडल्यास आपोआप उरलेली रक्कम उसनी देते. तिच्यावर 1 टक्का प्रवेशशुल्क आणि, अगदी लहान रकमा सोडल्यास, दररोजचा आकार लागतो. 2022 मध्ये हे आकार बरेच कमी झाले, हे नमूद केले पाहिजे. तरीही मीठ-तेलासाठी रोज थोडे उसने घेऊन रात्रीच्या कमाईतून फेडणाऱ्या विक्रेत्याला आपण कर्जावर जगत आहोत हे जाणवूही नये, अशीच या सोयीची रचना आहे. त्याच मेन्यूतून सट्टेबाजीच्या कंपन्यांनाही पैसे भरता येतात, आणि बेरोजगार तरुणांच्या हाती ते दार चोवीस तास उघडे राहते. थकबाकीदाराचे नाव पतनोंदणीच्या यादीत गेले की त्याला बेजबाबदार म्हणणे सोपे असते. पण मोह एका बटणावर आणून ठेवणाऱ्याच्या जबाबदारीविषयी तेवढ्या आवाजात कोणी बोलत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये सरकारने 8 टक्के वार्षिक दराने लहान कर्जे देणारा हसलर फंड सुरू केला, तेव्हा स्वस्त कर्ज देता येते हे तरी सिद्ध झाले. त्या फंडाची थकबाकी मोठी आहे, आणि तिथे मात्र घेणाऱ्यांनाही जाब विचारला पाहिजे.

माझा अभिप्राय असा : पैसे पाठविणे आणि दुकानात भरणे यासाठी एम-पेसा निःसंकोच वापरावी, आणि तिला पूर्ण गुण द्यावेत. फुलिझा सुरू करण्यासाठी स्वतःहून संमती द्यावी लागते; ती देऊ नये, आणि दिली असल्यास काढून घ्यावी. कर्जाचा आकार वार्षिक दराच्या रूपात, गुप्त क्रमांक टाकण्यापूर्वी ठळकपणे दाखवला जाईपर्यंत सेवेच्या या भागाला मी एकही गुण देणार नाही.