कदम काकांच्या तासाला कुणी हसत कसं नाही?

दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईकडून ‘बालक-पालक’बद्दल तटस्थ मत मिळणार नाही, हे आधीच सांगते. ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’ हा प्रजननावरचा धडा जवळ आला की मागच्या बाकांवर खसखस सुरू होते. मग धडा घेण्याआधी मी हा चित्रपट एकदा लावतेच. यंदाही लावला.

‘नटरंग’ आणि ‘बालगंधर्व’नंतर रवी जाधव यांनी २०१३ च्या जानेवारीत हा सिनेमा आणला. अंबर हडप आणि गणेश पंडित यांची एकांकिका त्याच्या मुळाशी आहे. काळ ऐंशीच्या दशकातला, जागा मुंबईतली चाळ. ज्योतीताईनं ‘शेण खाल्लं’ अशी कुजबुज सुरू होते आणि अव्या, भाग्या, डॉली, चिऊ या चौघांना प्रश्न पडतो, म्हणजे नक्की काय केलं? मोठ्यांकडून उत्तर येत नाही. मग गाठायचा तो सगळं माहीत असल्यासारखा बोलणारा विशू.

मला हसू येतं ते या मुलांच्या चिकाटीचं. प्रश्न पडला, घरी विचारून पाहिला, जमलं नाही. मग जाणकार शोधला, पुस्तक मिळवलं, पुस्तकानंही भागेना म्हणून थेट ‘तसल्या’ सिनेमाची व्हिडिओ कॅसेट. प्रकल्पाच्या वहीत इतकी शिस्त मी कधी पाहिलेली नाही! आणि विशू झालेला प्रथमेश परब काय बोलतो! गणिताच्या क्लासचे सर असावेत तसा आत्मविश्वास, माहिती मात्र निम्मीशिम्मी. हेच पोरगं पुढच्या वर्षी ‘टाइमपास’मध्ये दगडू झालं आणि घराघरात पोचलं. मला अजून विशूच जास्त आवडतो. त्याला हे सगळं कुणी सांगितलं, त्याची शंका तो कुणाला विचारतो, याच्याशी सिनेमाला फारसं देणंघेणं नाही, आणि दर वेळी मला ते खटकतं. माझ्या वर्गात असा एक तरी असतोच. सगळे त्याला विचारतात आणि वर्गाबाहेर उभा राहतो तोही तोच.

कॅसेटनंतरचा भाग मात्र फार नेमका आहे. कालपर्यंत एकत्र खेळणारी चौघं एकमेकांकडे बघताना अडखळतात. अव्याचं डॉलीकडे बघणं बदलतं, भाग्या नेहाताईपाशी घुटमळायला लागतो. सई ताम्हणकरनं ती नेहाताई सहज केली आहे, उगाच मादक वगैरे नाही. मदन देवधर, रोहित फाळके, भाग्यश्री संकपाळ, शाश्वती पिंपळीकर ही मुलं ‘अभिनय’ करतायत असं कुठे वाटत नाही. आठवीतून नववीत जाताना बाकांवरच्या जागा कशा आपोआप बदलतात, ते मी दर जूनमध्ये बघते. ‘हरवली पाखरे’ या गाण्यापाशी मी आजही गप्प होते.

तक्रार आहे ती चाळीतल्या कदम काकांबद्दल. ते काम करणाऱ्या किशोर कदम यांच्याबद्दल नाही, त्यांचा आवाज ऐकत राहावा असाच आहे. पण काका मुलांना समोर बसवून समजावतात आणि मुलांना ते समजतं? इतक्या पटकन? एक फिसकन हसत नाही, एक मुद्दाम भलता प्रश्न विचारत नाही, कुणाचं पेन नेमकं त्याच वेळी खाली पडत नाही! मी हा धडा शिकवते तेव्हा पहिली दहा मिनिटं पेनं गोळा करण्यातच जातात. खरं शिकवणं त्यानंतर सुरू होतं, एखादी मुलगी तास संपल्यावर दाराशी रेंगाळते तेव्हा. लेखकांनी इतका वेळ मुलांना मोकळं सोडलं आणि शेवटी हात धरून पलीकडे नेलं, असं वाटतं. आजच्या आईबापांची जी चौकट कथेला दिली आहे, तीही मला जेमतेम वाटते. चाळीत परत कधी जातोय असं होतं.

तरीही बघा. वयात येणारं मूल घरी असेल तर त्याच्याबरोबर बघा, पण शेजारी चिकटून, चेहरा न्याहाळत नको. थोडं मागे बसा, हातात निवडायला भाजी घ्या. आणि संपल्यावर लगेच ‘काय कळलं?’ असं विचारू नका. ते आम्ही परीक्षेत विचारतोच.